खवटपणा रोखणारे वेष्टण : सोयाबीन, मका आणि डाळिंबाची साल



उसात सोयाबीनचे आंतरपीक आपल्यापैकी अनेक जण घेतात. तेल काढल्यावर उरते ती पेंड. ती कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण याच पेंडीतल्या प्रथिनापासून आरपार दिसणारी पातळ फिल्म होते, आणि ती मातीत कुजून जाते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर आली. मग माल बांधायचा कशात, हा प्रश्न आपलाही आहे.

फिल्म कशी होते?

प्रथिन पाण्यात कालवून, किंचित अल्कधर्मी करून तापवतात. त्यात ग्लिसरीन घालावे लागते, नाहीतर फिल्म पापडासारखी मोडते. सपाट ताटात पातळ ओतून वाळवली की ती सुटून येते. मक्याचे झीन हे प्रथिन मात्र नुसत्या पाण्यात विरघळत नाही, त्याला पाणी मिसळलेला अल्कोहोल लागतो. मोलॅसिसपासून अल्कोहोल करणाऱ्या साखर धंद्याशी या विषयाचा धागा इथे जुळतो.

वनस्पतींचे अर्क कशासाठी?

शेंगदाणे महिनोन् महिने ठेवले की खवट लागतात की नाही? तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, आणि एकदा सुरू झाला की साखळीसारखा पुढे जातो. उजेड आणि उष्णता त्याला जोर देतात. पॉलिथिन ओल अडवते, पण ऑक्सिजन पुरता अडवत नाही. प्रथिनाची फिल्म कोरडी असेल तर ऑक्सिजन चांगला अडवते. त्यातच डाळिंबाची साल, हिरवा चहा किंवा लवंग यांचा अर्क मिसळला, तर त्यातील द्रव्ये हळूहळू मालाच्या पृष्ठभागावर उतरतात आणि ती साखळी तोडतात. म्हणजे वेष्टण नुसते झाकत नाही, राखणही करते.

दुसराही फायदा आहे. बाभळीच्या सालीतले टॅनिन कातड्यातील प्रथिनांना बांधते, म्हणून कातडे टिकते. डाळिंबाच्या सालीतले टॅनिनही फिल्ममधल्या प्रथिनाला तसेच धरून ठेवते. मात्र प्रमाण चुकले तर फिल्म ठिसूळ होते, रंग गडद होतो आणि मालाला तुरटपणा येतो. लवंगेसारख्या अर्कातला सुगंधी अंश वाळवताना उडून जातो, तेव्हा आच बेतानेच द्यावी लागते.

अडचणी कोणत्या?

मुख्य शत्रू ओल. पावसाळी दमट हवेत ही फिल्म मऊ पडते आणि ऑक्सिजन अडवायची तिची ताकदही घटते. मेण मिसळले तर थोडा आधार मिळतो. वरून प्लॅस्टिकचा थर चिकटवला तर ओल अडते खरी, पण मग कुजण्याचा मूळ हेतूच बुडाला. खर्चही पॉलिथिनपेक्षा जास्त येतो. शिवाय सोयाबीन किंवा दुधाचे प्रथिन काहींना सोसत नाही, म्हणून पुडीवर तसे छापायला हवे.

तेव्हा कोणी उद्या यंत्रे घेऊन दारात आला, तर भागभांडवलाला हात लावण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. पावसाळ्यात माल किती दिवस टिकला? फिल्म मातीत किती दिवसांत कुजली? किलोला खर्च किती? आणि घेणारा कोण? उत्तरे कागदावर आकड्यांनिशी मिळाली तरच पुढे बोलावे. पेंड आणि साल ही आपल्याच शिवारातली आहे. तिचे मोल वाढावे, पण ते सभासदाच्या पदरात पडावे.