बाळाचा पहिला शब्द कॅलेंडरवर लिहा



आमच्या शिवाजी पेठेत बाळाचा पहिला वाढदिवस दणक्यात होतो. चौकात फ्लेक्स लागतो, गल्लीत मंडप पडतो, केक येतो, रात्री उशिरापर्यंत पंगती उठतात. होऊ द्या. घरात लेकरू वाढतंय, याच्यासारखा आनंद नाही. पण अशा घरी गेले की मी हटकून विचारते, बाळ नावाने हाक मारल्यावर कधीपासून वळून बघायला लागलं? बोट दाखवून पहिल्यांदा काय मागितलं? घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. उत्तर असतं ते आईकडे. तिला सगळं आठवत असतं, पण ते तिला कुणी विचारलेलं नसतं.

वाढदिवस वर्षातून एकदा येतो. बाळाच्या खऱ्या उड्या अधेमधे, कुठल्यातरी मंगळवारी दुपारी, कुणी बघत नसताना पडतात. पहिलं हसू, पहिली कुशी, पहिलं पाऊल, पहिला शब्द. हे दिवस साजरे करायला पैसे लागत नाहीत, लक्ष लागतं. आणि ज्या घरात असं लक्ष असतं, तिथे काही बिघडलं तर तेही वेळेवर कळतं. आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला तो त्यासाठीच.

वाढ वेगळी, विकास वेगळा

अंगणवाडीत बाळाचं वजन होतं, उंची मोजतात. ती झाली वाढ. बाळ काय करू लागलं, तो विकास. वजन चांगलं असलेलं, गुटगुटीत बाळ बोलण्यात मागे असू शकतं, आणि किरकोळ दिसणारं बाळ घरभर तुरुतुरु पळत बडबडत असतं. म्हणून नुसत्या वजनावर समाधान मानू नका.

टप्पे लक्षात ठेवायचे तर लसीकरणाच्या तारखांशी जोडून ठेवा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींच्या काळात बाळ तुमच्याकडे बघून हसायला लागतं आणि मान धरू लागतं. आवाज आला की दचकतं, आईच्या आवाजाने शांत होतं. ९ महिन्यांच्या गोवर-रुबेला लसीला नेताना बाळ बहुधा आधाराशिवाय बसतं, हाकेला वळतं, ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी माळ लावतं, अनोळखी माणूस दिसला की आईला बिलगतं. वर्षाच्या आसपास टाटा करतं, टाळ्या वाजवतं, बोटाने दाखवतं आणि एखादा अर्थाचा शब्द काढतं. १६ ते २४ महिन्यांत दुसरा गोवर-रुबेला आणि बूस्टर असतो. तोवर चालणं आलेलं असतं आणि शब्द भराभर वाढू लागलेले असतात. २ वर्षांपर्यंत ‘दूध दे’, ‘बाबा गेला’ अशी दोन शब्दांची जोडी जमते.

शेजारणीच्या बाळाशी मात्र तुलना करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह ५ देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली हालचालींच्या टप्प्यांची मुदत प्रसिद्ध केली. आधाराशिवाय बसणं सुमारे ४ ते ९ महिन्यांत येतं. एकट्याने चालणं कुणाला ८ महिन्यांनंतर येतं, तर कुणाला साडेसतरा महिने लागतात. दोन्ही मुलं निरोगीच. शंभरातली सुमारे ४ मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी चालली. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर २ वर्षांचं होईपर्यंत त्याचं वय जन्मतारखेऐवजी डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजायचं.

बोलणं कानातून सुरू होतं

पहिला शब्द तोंडातून बाहेर पडण्याआधी बाळाने तो कानाने शेकडो वेळा ऐकलेला असतो. आधी ऐकणं, मग समजणं, मग बोलणं. ‘पंखा कुठाय?’ म्हटल्यावर वर बघणारं बाळ अजून पंखा म्हणत नसेल, पण शब्द त्याच्या आत शिरलेला असतो. तोही टप्पाच. तोही लिहून ठेवा.

शब्द म्हणजे स्पष्ट उच्चार नव्हे. भाकरीला ‘बाई’ म्हणत असेल, पण दर वेळी भाकरीलाच म्हणत असेल, तर तो शब्द मोजायचा. भू म्हणजे कुत्रा, हम्मा म्हणजे म्हैस, मम म्हणजे पाणी, हे सगळे शब्दच.

हे शब्द बाळाला कोण देतं? त्याच्याशी बोलणारं माणूस. अंघोळ घालताना, भाकरी थापताना, रंकाळ्यावर फिरवताना आपण जे बोलतो, ते बाळ साठवत असतं. बाळाने ‘आऽऽ’ केलं की आपणही ‘आऽऽ, काय म्हणतोस रे?’ म्हणून थांबायचं. त्याला उत्तराची संधी द्यायची. त्याचा आवाज, आपला आवाज, पुन्हा त्याचा आवाज. या देवाणघेवाणीतून भाषा उभी राहते. मोबाईलवरचं गाणं बोलतं, पण बाळाच्या उत्तरासाठी थांबत नाही. म्हणून २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या वर्षी स्क्रीन अजिबात नको, दुसऱ्या वर्षीही दाखवणं योग्य नाही, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराच्या वर नको, असं सांगितलं. दिवसभर राबून आलेल्या बाईने स्वयंपाकापुरता मोबाईल हातात दिला, तर मी तिला गुन्हेगार ठरवणार नाही. पण त्या वेळात आजोबांनी, बापाने, थोरल्या बहिणीने बाळाला उचलावं, हे मी त्या घरातल्या पुरुषांना तोंडावर सांगते.

इथे आपल्या वस्त्यांतली एक जुनी जखम बोलायला हवी. ‘आमची भाषा अशुद्ध, आमचं ऐकून पोर बिघडेल,’ असं म्हणून काही आया बाळाशी कमी बोलतात, किंवा दहा-बारा इंग्रजी शब्द पाठ करून तेवढेच म्हणतात. ‘ॲपल कुठे? नोज कुठे?’ की झालं. बायांनो, ‘मी आलो, मी गेलो’ म्हणणारी कोल्हापूरची बाई आपल्या लेकराला उत्तम भाषा देऊ शकते. बाळाच्या मेंदूला प्रमाण भाषा आणि बोली यांतला मान-अपमान कळत नाही. त्याला हवी असते भरभरून, प्रेमाने, दिवसभर बोललेली भाषा, आणि ती ज्या भाषेत आपला जीव मोकळा होतो तिच्यातच निघते. घरात मराठीबरोबर कानडी किंवा हिंदी असेल तरी घाबरू नका. दोन भाषा ऐकल्याने मूल मुकं राहत नाही. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा.

‘थांबा, बोलेल’ हे औषध नाही

बोलायला उशीर झाला की घराघरांत उत्तरं तयार असतात. याचा बाप पण उशिरा बोलला. मुलगा आहे, मुलगे उशिराच बोलतात. पोपटाने उष्टावलेला पेरू द्या. जिभेवर वेखंड उगाळून लावा. जिभेखालचा पडदा कापून आणा. पेरू खाऊन बाळाचं पोट भरेल, बोलणं येणार नाही. वेखंडाने उलट्या होऊ शकतात, आणि उगाळायच्या सहाणेवरची घाण पोटात जाते ती वेगळीच. जिभेखालचा पडदा घट्ट असेल तर अंगावर पिताना किंवा काही उच्चारांना अडचण येऊ शकते, पण मूल मुळात बोलतच नाही याचं कारण बहुधा तो नसतो. मुलगे सरासरीने मुलींपेक्षा थोडे मागे असतात हे खरं, पण ते थोडंच. त्या आधारावर वर्ष-दीड वर्ष थांबायचं नसतं.

पहिली शंका कानाची घ्यायची. जन्मतः ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, हसतं, सावली हलली की वळतं, दार आपटलं की जमिनीच्या हादऱ्याने बघतं. त्यामुळे घरच्यांना वाटतं, ऐकतंय की. काही जण ताट वाजवून बघतात. ताटाचा आवाज मोठा असतो. कमी ऐकू येणाऱ्या बाळालाही तो ऐकू जातो, पण ‘स’, ‘फ’, ‘त’ यांसारखे हलके आवाज निसटतात आणि बोलणं तिथेच अडकतं. ताट हे तपासणीचं यंत्र नाही. कानाची खरी तपासणी बाळ झोपेत असतानाही होते. ओएई आणि बेरा या चाचण्यांना सुई लागत नाही, बाळाने उत्तर द्यावं लागत नाही. जगभर मान्य असलेला हिशोब १-३-६ असा आहे : १ महिन्याच्या आत पहिली तपासणी, ३ महिन्यांच्या आत निदान, ६ महिन्यांच्या आत उपचार सुरू.

आमच्या पेठेतल्या एका आईची गोष्ट सांगण्यासारखी आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशोब लिहायची तिची सवय. बाळ ११ महिन्यांचं असताना ‘बाबा’ म्हणालं, तेव्हा तिने त्या तारखेच्या चौकटीत दुधाच्या आकड्याखाली ‘बाबा’ लिहिलं आणि घरात सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. मग भू, मम, काऊ, दे. दर शब्दाला एक नोंद आणि गुळाचा खडा. १५ व्या महिन्यानंतर पानं उलटत गेली, नवीन शब्द येईना. सासू म्हणाली, आमच्यात सगळे असेच. पण तिच्यासमोर तीन महिन्यांच्या कोऱ्या चौकटी होत्या. दीड वर्षाच्या लसीला ती कॅलेंडर घडी करून पिशवीत घालून घेऊन आली. डॉक्टरांनी कान पाहिले. वारंवार सर्दी होऊन दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. बाळ जणू पाण्याखालून ऐकत होतं. उपचार झाले, मधल्या काळात जवळ बसून, चेहऱ्यासमोर बोलायला शिकवलं, आणि शब्द पुन्हा सुरू झाले. सव्वीसाव्या महिन्यात पोर ‘भाकरी दे’ म्हणालं. त्या दिवशी तिने गल्लीत गूळ वाटला. लोकांना वाटलं घरात नवीन गाडी आली.

कानाचं पाणी बरं होतं. प्रत्येक कारण असं सुटत नाही. काही मुलांना कायमचं कमी ऐकू येतं, काहींना स्वमग्नता असते, काहींचा एकूणच विकास सावकाश होतो. पण प्रत्येकाच्या बाबतीत लवकर सुरुवात केली तर फरक पडतो, कारण पहिल्या तीन वर्षांत मेंदू सर्वांत वेगाने घडत असतो.

कधी जायचं, कुठे जायचं

पुढच्यापैकी एक जरी दिसलं, तरी थांबू नका. ३ महिने होऊनही आवाजाला दाद नाही, माणसाकडे बघून हसत नाही. ९ महिने झाले तरी हाकेला वळत नाही, बडबड नाही. वर्ष झालं तरी बोट दाखवत नाही, टाटा नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. १८ महिन्यांपर्यंत चालत नाही. २ वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, येत असलेला शब्द किंवा खेळ कुठल्याही वयात बंद पडला, तर त्याच आठवड्यात दाखवा.

सुरुवात अंगणवाडी ताई, आशाताई किंवा जवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरपासून करा. तुमच्याकडच्या माता व बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. ते पान लसीच्या पानाइतकंच कामाचं आहे. फेब्रुवारी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतं, १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. पथक येण्याचा दिवस अंगणवाडीत विचारून ठेवा आणि त्या दिवशी बाळाला घरी ठेवू नका. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. पेठेपासून सीपीआर लांब नाही. तिथे बालरोग आणि कान-नाक-घसा हे दोन्ही विभाग आहेत.

श्रवणयंत्राच्या खर्चाने घाबरू नका. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून गरजू कुटुंबांना यंत्र मिळतं, आणि ५ वर्षांपर्यंतच्या पात्र मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठीही मदत मिळते. या कामात मुंबईच्या वांद्र्यातली, १९८३ साली सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था महत्त्वाची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोष, वाचा व भाषा दोष आणि स्वमग्नता या तिन्हींचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढताना लाजू नका. तो मुलाच्या कपाळावरचा शिक्का नसून त्याच्या हक्काचा कागद आहे. जे मूल तोंडाने बोलणार नाही, ते खुणांच्या भाषेत बोलेल. त्याची पहिली खूणही कॅलेंडरवर लिहायची आणि तिलाही गूळ वाटायचा.

आणि बाळ उशिरा बोललं म्हणून त्याच्या आईला बोल लावू नका. गरोदरपणात हे खाल्लं, ते पाहिलं, ग्रहण पाळलं नाही, या कशानेही बाळाचं बोलणं थांबत नाही. गरोदरपणातल्या रुबेलाने मात्र बाळ बहिरं जन्मू शकतं, आणि त्यावर लस आहे. ती मुलाला आणि मुलीला, दोघांनाही वेळेवर द्या.

आज रात्री जेवणं झाली की कॅलेंडर उतरवा. बाळाला आजवर आलेले शब्द घरातल्या सगळ्यांनी मिळून आठवा आणि एका कोपऱ्यात लिहा. उद्यापासून नवीन शब्द त्याच्या तारखेला लिहायचा, आणि तो बापाने लिहायचा. पुढच्या लसीला जाताना कार्डाबरोबर ते पानही घेऊन जा.