शिरोरेषेतली फट

१९९९ साली नांदेडला वजिराबादेतल्या एका डीटीपीच्या दुकानात मी कामाला लागलो. पहिल्याच लग्नसराईत ‘चि. घनश्याम’ माझ्या हातून ‘चि. धनश्याम’ झाला आणि तसाच पाचशे पत्रिकांवर छापून गेला. नवरदेवाचे मामा दुकानात येऊन जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मालक एवढंच म्हणाले, “चष्मा बदल बाबा.”

चष्म्याचा प्रश्न नव्हता. घ आणि ध, म आणि भ, यांच्यात ठसठशीत फरक कोणता? शिरोरेषा सलग आहे की तुटलेली, एवढाच. कागदावर ती फट दिसते. त्या वेळच्या चौदा इंची डबा मॉनिटरवर बारा पॉइंटचं अक्षर ठेवलं, की ती एखाद्या ठिपक्याएवढी उरायची. चांगल्या डोळ्यांचा माणूस संदर्भाने वाचून पुढे जातो. मीही संदर्भानेच वाचत होतो, पण घनश्यामला संदर्भ कुठला असणार?

माझ्या डोळ्यांच्या आजाराला डॉक्टर रेटिनायटिस पिग्मेंटोसा म्हणतात, गावाकडे रातांधळेपणा म्हणतात. हा आजार बहुतेक वेळा आनुवंशिक असतो. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे, माझ्या वडिलांनीही तेच केलं. आईबाप जवळच्या नात्यातले असले, की दोघांकडे दडलेला एकच दोष मुलात एकत्र येण्याची शक्यता वाढते. या आजारात दृष्टिपटलाच्या कडेच्या पेशी आधी जातात, त्यामुळे नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. मधलं अक्षर दिसतं, शेजारचं नाही. पांढऱ्या पडद्याचा उजेड तर डोळ्यांत घुसतो.

यावर जगाकडे एकच सल्ला असतो: अक्षर मोठं करा. मी चौपट मोठं केलं, तर माझ्या नळीत एकच अक्षर मावतं, आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. मला मध्यम आकार हवा, पण काळ्या पाटीवर पिवळा. लातूरच्या माझ्या एका मित्राचं उलटं. त्याच्या दृष्टिपटलाचा मधला भागच गेलाय. तो कडेने बघतो आणि त्याला अक्षर वांग्याएवढं लागतं. आम्ही दोघं कागदोपत्री एकाच वर्गातले, ‘अल्पदृष्टी’. १९९५च्या अपंग कायद्याने हा वर्ग अंधत्वापासून वेगळा मोजला. २०१६च्या कायद्याने मोजमापही ठरवून दिलं: चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ ते ३/६० किंवा दृष्टिक्षेत्र ४० ते १० अंश. लातूरकर पहिल्या मापात बसतो, मी दुसऱ्या. एकाच्या सोयीचा पडदा दुसऱ्याला निरुपयोगी.

तरी दुकानात बरीच वर्षं माझं निभावलं, कारण डीटीपीवाला झूम करतोच. पेजमेकरमध्ये कंट्रोल-दोन दाबलं की दुप्पट, कंट्रोल-चार दाबलं की चौपट. माझ्या झूमकडे कोणी पाहिलंही नाही. बाकी खिडक्यांसाठी मी पडद्याचं रिझोल्यूशन ६४० बाय ४८०वर उतरवून ठेवायचो, म्हणजे सगळंच फुगायचं आणि तरी अक्षराची कड तुटायची नाही. विंडोज ९८मध्ये मॅग्निफायर आला होता, पण तो पडद्याच्या माथ्यावरची एक पट्टी होता. बघायचं एकीकडे, काम दुसरीकडे. मला त्या पट्टीपेक्षा ६४०चाच आधार.

तो आधार प्रगतीनेच काढून घेतला. २००८ला गुरु-ता-गद्दीच्या सोहळ्यासाठी शहर नवं होत होतं, रस्ते रुंद होत होते, आणि दुकानात चपटे मॉनिटर आले. चपट्या पडद्याला त्याचं स्वतःचं ठरलेलं रिझोल्यूशन असतं. ते उतरवलं की अक्षरं फुगतात, पण शाई फुटल्यासारखी. घ-धची फट पार बुजली. सगळे नव्या मॉनिटरवर खूश होते, मी जुना डबा मागून घेतला. पुढच्या वर्षी विंडोज ७ आलं आणि अख्खा पडदा मोठा करणारा, रंग उलटे करणारा मॅग्निफायर मिळाला. तेव्हा डबा भंगारात दिला.

पण मला खरा धडा आकाराने दिला नाही, फॉन्टने दिला. आम्ही श्रीलिपी, आकृती यांवर टाइप करायचो. त्या काळच्या त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसायचं, आत मात्र रोमन चिन्हांचे आकडे साठलेले असायचे. फॉन्ट काढला की गिचमिड. डोळे दमले म्हणून मजकूर वाचून घ्यायला गेलो, तर पडदावाचक ती गिचमिडच वाचणार. म्हणजे आम्ही इतकी वर्षं मराठी लिहीत नव्हतो, मराठीचं चित्र काढत होतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती. आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींचा ‘मंगल’ विंडोज २०००बरोबर आला. एक्सपीत मात्र तो नीट दिसण्यासाठी सीडी घालून वेगळी सोय बसवावी लागे. वजिराबादेत युनिकोड रुळायला आणखी दहाएक वर्षं गेली, आणि छपाईची काही दुकानं अजून जुन्याच फॉन्टवर आहेत.

मजकूर खरा मजकूर झाला, की वाचणारा तो हवा तसा मांडून घेतो. मी ‘मंगल’ काढून मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ लावतो, जरा ठळक वजनाचा. लातूरकर त्याचं वांगं करतो. संध्याकाळनंतर मी एनव्हीडीए लावून ऐकतो. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६मध्ये सुरू केलेला हा पडदावाचक फुकट मिळतो. त्याचा मराठी आवाज नळात बोलल्यासारखा येतो, पण महिन्याभरात कान सरावतो.

२०१९ला फोनमध्ये डार्क मोड आला आणि लोक म्हणाले, “आता तुमची सोय झाली.” काळी पाटी आम्ही विंडोज ९५पासून वापरत होतो. नव्या फॅशनमध्ये काळ्यावर राखाडी अक्षरं आली, तीही बारीक. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ला १ फरक हवा, हा आंतरराष्ट्रीय निकष २००८पासून आहे. पुष्कळ ॲपांमध्ये तो पाळलेला दिसत नाही.

नियम कागदावर पुढेच गेले. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावायला सांगतात, त्यावरून तो खटला होता. इकडे मी एका परीक्षा केंद्रावर पडदा काळा करून मागितला, तर पर्यवेक्षक म्हणाले, “काका, सेटिंगला हात लावायचा नाही.” त्यांना दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

अजूनही माझ्या फोनवर येणाऱ्या मराठीपैकी निम्मं चित्रच असतं. स्कॅन केलेलं परिपत्रक, फोटो काढलेली नोटीस, आणि सगळ्यांत जास्त लग्नपत्रिका. ज्या कामावर माझं पोट चाललं, तेच आता मला वाचता येत नाही. पत्रिका मोठी केली की फुटते, काळी केली की गणपती भुतासारखा दिसतो. म्हणून एक विनंती. पुढची पत्रिका व्हॉट्सॲपवर धाडाल, तेव्हा चित्राखाली वधूवरांची नावं, तारीख, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता एवढं टाइप करून टाका. नाव घनश्याम असेल, तर पाठवण्याआधी एकदा तपासूनही घ्या.