पाडव्याला खोल्या भरल्या

दिवेआगर, सोमवार, १६ नोव्हेंबर २०२०. यंदा पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी.

पहाटे ५
बंब पेटवला. सरपणाला तोटा नाही. ३ जूनच्या दुपारी ‘निसर्ग’ वादळ आमच्याच किनाऱ्यावरून आत घुसलं. पोफळी कमरेतून मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले. सगळा पावसाळा ते कापण्यात गेला, तरी मागे ढीग आहेच. पाहुण्यांचं पाणी त्यावरच तापतं.

सकाळी ६
पुण्याची मंडळी हरिहरेश्वरला निघाली. मार्चपासून बंद असलेली देवळं आज उघडताहेत. त्यांना बजावलं, “आज बीज लागते. तिथीची पाऊणपट करा, दुपारी दीडच्या सुमाराला पूर्ण भरती. प्रदक्षिणा सकाळीच उरका, पाणी चढायला लागलं की कातळावर उतरू नका.”
“मोबाइलवर बघतो, काकू.”
बघा बापडे.

सकाळी ८
घावणे, खोबऱ्याची चटणी, सोबत फराळ. चटणीचा नारळ माणगावच्या बाजारातला. आमच्या घरी नारळ विकत येतो, हे सासूबाईंना अजून पटत नाही. पाडेल्याला महिन्यातून एक खेप पुरते. चढायला राहिलंय किती!

सकाळी १०
फोन. नाशिकच्या एक बाई. “काकू, तिकडचं सगळं पूर्ववत झालं ना?” मी सांगते ते असं : पत्रे नवे घातलेत, वीज-पाणी आहे, समुद्र जागेवर आहे. सावली नाही. मग त्या जरा अडखळल्या. “अशा वेळी मजा करायला यायचं म्हणजे... बरं दिसतं का?”

हा प्रश्न दर दोन फोनांमागे एकदा येतो. मन चांगलं असतं विचारणाऱ्याचं. पण न येऊन ते जे राखतात, ते त्यांचं मन. माझं गॅसचं सिलिंडर त्यावर भरत नाही. भरपाईचंच घ्या. आधी ठरली हेक्टरी ५०,००० रुपये. ऐकायला रक्कम मोठी, पण आमच्या आगरात जमिनी गुंठ्यांत मोजतात, नि गुंठ्याला हिशेब बसला ५०० रुपये. एवढ्याशा वाडीत खाली केळी, मध्ये पोफळी, वर माड, माडावर मिरीचा वेल. हेक्टरात ते कुठे मोजणार? ओरड झाली, मग झाडागणिक ठरलं : माडाला २५०, पोफळीला ५०. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. पूर्वी सुपारीच्या पैशावर आम्ही खोल्या बांधल्या. आता खोल्यांनी वाडी उभी करायची आहे.

बाईंना म्हटलं, “या. फक्त जेवण आमच्याकडेच घ्या, आणि शहाळं मागू नका.” हसल्या. उद्या येताहेत.

दुपारी १
जेवणं. वालाचं बिरडं, सोलकढी, केळीचं पान. केळी तेवढ्या झटकन वाढल्या. त्यांच्याच सावलीत पोफळीची रोपं लावायची, नाहीतर कोवळी पानं उन्हानं भाजतात. एका मुलीनं विचारलं, “नेटवरच्या फोटोतली वाडी कुठली?” हीच, म्हटलं. तिनं वर पाहिलं, आणि तिची आई उगीचच ताटातलं मीठ सारत बसली. हे म्हणतात, जुना फोटो काढून टाक. नुसता नवा टाकला तर फोन येणार नाही, नुसता जुना ठेवला तर ती फसवणूक. मी दोन्ही ठेवलेत, खाली वर्ष घालून.

दुपारी ३
चादरी. सहा खोल्या, त्यातल्या चार भरलेल्या. दोन पाहुण्यांमध्ये एक दिवस खोली मोकळी ठेवायची, करोनामुळे.

संध्याकाळी ५
पुणेकर परतले. प्रदक्षिणा झाली म्हणे, आणि तिथी बरोबर निघाली हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. लगेच समुद्रावर गेले. सुरूचं बन विरळ झाल्यामुळे रस्त्यावरूनच पाणी दिसतं. त्यांना ते आवडलं. बांगडीवाल्या आणि घोडेवाल्यांचा धंदा बरा दिसला.

रात्री ९
श्रीवर्धनहून दादा आला. ओवाळलं. ताटात नोट ठेवली आणि गाडीतून पिशव्या काढल्या, श्रीवर्धनी रोठा सुपारीची रोपं. जमिनीत जातील ती पावसाळ्यातच, तोवर पिशवीतच जगवायची. “पाणी कोण घालेल रोज?” मी विचारलं. म्हणाला, “पाहुण्यांच्या पोरांना घालायला लाव. पैसे देऊन घालतील.” चेष्टा होती, पण नाशिकच्या बाईंबरोबर दोन मुलं आहेत खरी. झारी शोधून ठेवली.