हॅन्डल फिरवणारी पिढी

बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर 'हिपीज' नावाची विनोदी मालिका १९९९च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि डिसेंबरात सहाव्या भागावर थांबली. 'फादर टेड'मुळे गाजलेले आर्थर मॅथ्यूज आणि ग्रॅहम लाइनहन तिच्यामागे होते आणि मुख्य भूमिकेत सायमन पेग होता. गोष्ट १९६९च्या लंडनमधली. रे पर्ब्स नावाचा तरुण 'माउथ' हे बंडखोर मासिक चालवतो. क्रांतीची हौस मोठी, पण तिच्यासाठी लागणारी समज आणि चिकाटी त्याच्याकडे तितकी नाही. मालिकेचं फारसं स्वागत झालं नाही आणि पुढचे भाग आलेच नाहीत.

मला मात्र ती एका गोष्टीसाठी मोलाची वाटते. साठीच्या दशकातल्या बंडाचं घर कुठं होतं, हे तिनं बरोबर ओळखलं. ते मासिकाच्या कचेरीत होतं. लंडनमध्ये तेव्हा 'ऑझ' निघत होतं. त्याचा मे १९७०चा अंक संपादकांनी शाळकरी मुलांच्या हाती सोपवला, त्यावरून अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि १९७१ साली ओल्ड बेली न्यायालयात रिचर्ड नेव्हिल, जिम अँडरसन आणि फेलिक्स डेनिस या तिघांना तुरुंगवास सुनावला गेला. अपिलात त्या शिक्षा रद्द झाल्या. लंडनचा हा काळ चित्रपटांत, पुस्तकांत, मालिकांत पुन्हा पुन्हा येतो. त्याच वर्षांत गिरगाव, परळ, कामाठीपुरा, औरंगाबाद इथली मराठी पोरं जे करत होती ते त्याहून कमी धाडसाचं नव्हतं. माझ्या मते परिणामांच्या दृष्टीनं ते कितीतरी मोठं होतं.

ही पोरं आपली छोटी मासिकं ज्यावर काढत होती त्या यंत्राची ओळख आधी करून द्यायला हवी. सायक्लोस्टाईल. हंगेरीत जन्मलेल्या डेव्हिड गेस्टेटनरनं लंडनमध्ये १८८१ साली या पद्धतीचं पेटंट घेतलं. मेणाचा लेप दिलेला पातळ कागद, म्हणजे स्टेन्सिल, त्यावर टंकलेखन यंत्रानं रिबीन न लावता मजकूर उठवायचा किंवा टोकदार लेखणीनं हातानं लिहायचा. जिथं टोक लागतं तिथलं मेण निघतं आणि तेवढ्याच रेषेतून शाई झिरपते. ही स्टेन्सिल शाई भरलेल्या रुळावर गुंडाळायची, हॅन्डल फिरवायचं, एकेक कोरा कागद आत सरकवायचा. मराठीसाठी तर हातानं लिहिण्याची सोय फारच कामाची. खिळे जुळवणारा नको, छापखान्याचा मालक नको. काही शे प्रती एका बैठकीत निघतात. कागद खडबडीत आणि शाई शोषणारा लागतो, अक्षरांभोवती तेलकट कड उमटते, बोटं काळी होतात. कार्यालयांत परिपत्रकं आणि शाळांत प्रश्नपत्रिका काढणारं हे यंत्र कवींच्या हाती लागलं तेव्हा 'स्वीकृत' आणि 'साभार परत' या दोन शिक्क्यांचा धाक संपला.

पन्नाशीच्या दशकात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं ते असंच, सायक्लोस्टाईल करून. कोलटकर विशीत होते, चित्रे विशीतही पोचलेले नव्हते. पुढे १९६१ साली अशोक शहाणे यांचं 'अथर्व' आलं आणि एकाच अंकावर थांबलं. १९६३ साली त्यांनीच 'असो' सुरू केलं. त्याच वर्षी त्यांचा 'आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण' हा लेख 'मनोहर' या नियतकालिकात आला आणि नावाजलेल्या लेखकांची झोप उडाली. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरीही त्याच वर्षीची. शहाण्यांना बंगाली उत्तम येत होतं, त्यामुळं कलकत्त्याच्या 'हंग्री' पिढीतल्या बंडखोर बंगाली कवींशी त्यांचं नातं जुळलं. त्या पिढीतल्या मलय रायचौधुरींना १९६४ साली एका कवितेसाठी अटक झाली होती. १९६२ साली अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग मुंबईत आला तेव्हा तोही या मंडळींना भेटून गेला. अलाहाबादेत अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि मित्रांचं इंग्रजी 'डॅम यू' निघायचं, तेही सायक्लोस्टाईलवर, आणि कोलटकरांची 'द बोटराइड' ही कविता १९६८ साली त्यात आली. न्यूयॉर्क, कलकत्ता, अलाहाबाद आणि मुंबई यांना जोडणारी ही वाट टपालाच्या तिकिटांवर चालत होती.

मग संख्या वाढली. राजा ढाल्यांचं 'येरू', 'तापसी', 'चक्रवर्ती'. सतीश काळसेकर, तुळसी परब यांच्या मंडळींचं 'फक्त'. चंद्रकांत खोतांचं 'अबकडई'. औरंगाबादेतून 'वाचा', जिच्यात नेमाड्यांनी लेखकाचा लेखकराव का होतो हा प्रश्न विचारला. यांना अनियतकालिकं म्हणत. नियमानं निघायचं बंधन नाही, वर्गणी नाही, जाहिरात जवळपास नाही, खिशात पैसे असले की अंक. यातलं एकही फार वर्षं टिकलं नाही आणि ते टिकावं म्हणून काढलेलंही नव्हतं. 'चळवळ अल्पजीवी ठरली' असं वाङ्मयेतिहासात वाचतो तेव्हा मला ते पटत नाही. अंक बंद पडायचा आणि माणसं दुसऱ्या नावानं दुसरा काढायची. मासिकाला जे दीर्घायुष्य हवं असतं ते जपण्यातच त्या काळात किती संपादकांची धार गेली, हे पाहिलं की एका अंकात सगळं सांगून मोकळं होण्याचं मोल कळतं.

भांडण कुणाशी होतं तेही स्वच्छ होतं. मौज प्रकाशनाचं 'सत्यकथा' हे त्या काळचं सर्वांत मानाचं वाङ्मयीन मासिक. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचं संपादन काटेकोर, लेखकाकडून दहादा लिहून घेणारं. मराठी कथा आणि कविता त्यांनी घडवली हे नाकारता येणार नाही, आणि मी नाकारतही नाही. पण एकाच दाराशी सगळ्यांनी रांग लावायची आणि आतल्या अभिरुचीत बसेल तेवढंच मराठी, हे ज्यांच्या वस्तीची भाषाच त्या अभिरुचीत नव्हती त्यांनी का मानावं? १९६९ साली ढाल्यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहिली आणि तरुण लेखकांनी गिरगावात मौजेच्या दारात 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. मासिक जाळणं मला आजही आवडत नाही. त्या रागामागचं कारण मात्र खरं होतं.

लंडन आणि मुंबई यांच्यातला फरक इथूनच दिसतो. 'ऑझ'च्या फेलिक्स डेनिसनं पुढं मासिकांच्याच धंद्यात अफाट संपत्ती मिळवली. इकडे राजा ढाले, नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार १९७२ साली दलित पँथरमध्ये उतरले. त्याच वर्षी ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला, त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या 'साधना' साप्ताहिकात ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आणि महाराष्ट्र ढवळून निघाला. ज्या पोरांनी स्टेन्सिलवर लिहायला सुरुवात केली, ती मोर्चाच्या अग्रभागी पोचली. अनियतकालिकांनी त्यांना भाषा दिली असं म्हणणं खोटं होईल, भाषा त्यांचीच होती. ती न धुता, न इस्त्री करता छापायची हिंमत मात्र या चार-आठ पानांनी दिली.

एक उणीव सांगितलीच पाहिजे. या सगळ्या नावांत बाई सापडत नाही. व्यवस्थेविरुद्ध उभं राहिलेल्या या मैफलीत घर सांभाळणारी कोण होती, हे ढसाळांच्या पत्नी मलिका अमर शेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनातून कळतं. ते पुस्तक या चळवळीच्या इतिहासाशेजारी ठेवूनच वाचावं.

ही अनियतकालिकं मोठ्या शहरांबाहेर कितपत पोचली, हे पाहायला बुलढाणा जिल्ह्यातलं मेहकर घेऊ. पैनगंगेकाठच्या या गावाला रेल्वे नाही, म्हणजे फलाटावर पुस्तकांचा स्टॉलही नाही. वर्गणीदार नसलेली, दुकानात न मिळणारी, हातोहात फिरणारी अनियतकालिकं इथवर पोचायला वाटच नव्हती. पण मुंबई-पुण्याच्या संपादकांपासून दूर राहून लिहिणं म्हणजे काय, हे या गावाइतकं कमी गावांना ठाऊक असेल. ना. घ. देशपांडे इथं वकिली करत राहिले आणि कविता लिहीत राहिले. त्यांची 'शीळ' जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवरून घरोघर गेली ती विसाव्या शतकाच्या तिशीत. 'शीळ' हा संग्रह निघायला १९५४ उजाडलं. साहित्य अकादमीचा पुरस्कार 'खूणगाठी'ला १९८६ साली मिळाला. शेवटच्या संग्रहांपैकी एकाला त्यांनी गावातल्याच वास्तूचं नाव दिलं, 'कंचनीचा महाल'. त्यांच्या हळुवार, लयबद्ध कवितेचं आणि ढसाळांच्या कवितेचं गोत्र एक नाही. तरी एक गोष्ट दोघांनाही लागू पडते. नाघंच्या शब्दांना ग्रामोफोनची तबकडी मिळाली नसती, तर मेहकरची शीळ मेहकरातच विरली असती. ज्यांना तबकडीही मिळणार नव्हती, त्यांना रुळावर स्टेन्सिल चढवणं भाग होतं.

'ऑझ'वर झाला तसा अनियतकालिकांच्या पिढीवरचा खटला आपल्याकडेही झाला, फक्त उशिरा. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता शहाण्यांच्या प्रास प्रकाशनानं १९८३ साली पोस्टरच्या रूपात काढली. १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात ती पुन्हा छापली गेली आणि अश्लीलतेची तक्रार झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०१५मध्ये न्यायालयानं माफी मागितलेल्या संपादकाला मोकळं केलं, कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं. 'ऑझ'चा निकाल अपिलासह १९७१ सालीच संपला होता. आपल्याकडे एका कवितेसाठी माणूस म्हातारा होईपर्यंत न्यायालयाची पायरी चढत राहिला.

अनियतकालिकांचे हे अंक आज पाहायचे कुठं? अमेरिकेत इथाका इथल्या कॉर्नेल विद्यापीठात मुंबईच्या कवींचा संग्रह अंजली नेर्लेकर आणि तिथल्या ग्रंथपालांच्या कष्टांतून उभा राहिला आहे. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीला 'असो'चं पान बघायचं असेल तर तिनं इथाकाला जावं, ही अवस्था मला मान्य नाही. स्टेन्सिलचा तो कागद मुळातच कच्चा, त्यात शाईतलं तेल. अशा प्रती हाताळल्या की तुटतात. ज्या घरांत त्या उरल्या आहेत त्यांनी त्या बाहेर काढाव्यात, सरकारच्या ग्रंथालय संचालनालयानं त्यांच्या छायाप्रती करून प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात एक बांधीव संच ठेवावा, आणि मेहकरच्या वाचनालयात तो टेबलावर, कुलुपाबाहेर असावा.