ईदच्या शेरवानीचं बटण

दिवसभर पाण्याचा थेंब नाही, तरी ईदच्या सकाळी शेरवानीचं बटण लागत नाही! पन्नाशीनंतरची ही नेहमीचीच तक्रार. वयाबरोबर स्नायू घटतात, अन्नाची गरज कमी होते. दस्तरखानावरची भजी, समोसे, सरबत मात्र तेवढंच राहतं. खजूर-पाण्याने रोजा सोडायचा, मगरिबची नमाज पढायची आणि मग जेवायचं, ही जुनी रीत खरं तर पथ्याचीच आहे. तेवढ्यात भुकेची घाई ओसरते. पण मधे समोसा येतो.

पन्नाशीत वजनासोबत अनेकदा साखरही येते. तिथे बेफिकिरी नको. गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा रमजानआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. बोटातून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७०च्या खाली गेली, तर रोजा तिथेच तोडावा. पण घरातले अब्बा हात थरथरत असतानाही म्हणतात, "आता तासाभराचाच तर प्रश्न आहे." सूरह बकरामध्ये आजाऱ्याला स्पष्ट सवलत आहे: राहिलेले रोजे बरं झाल्यावर, आजार कायमचा असेल, तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवण. ही सवलत घ्यायला आपल्याकडे उगाच लाज वाटते. शेजारी काय म्हणतील, म्हणून.