चित्रांकित भिंत आणि तिची प्रतिकृती

अजिंठ्याचे दहावे लेणे म्हणजे बौद्ध चित्रकलेचे जणू संग्रहालयच होय. त्याच्या भिंतीवर इसवी सनापूर्वी रंगविलेला बोधिवृक्षपूजेचा प्रसंग आहे. तेथे वृक्ष हाच तथागतांचा निर्देश होय. स्तंभांवर मात्र इ. स. च्या पाचव्या शतकाच्या सुमारास काढलेल्या बुद्धप्रतिमा आहेत. मधल्या शतकांत उपासकांची दृष्टी कशी पालटली, हे एकाच दालनात समजते.

अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती लंडनमध्ये दोनदा आगीत सापडल्या. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ मध्ये नष्ट झाल्या. उरलेल्या तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

प्रतिकृती अशा नाशवंत. मूळ भिंतीला पर्याय नाही. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या वाचकांना जवळ असलेल्या मावळातील बेडसे लेण्यात चित्रांचे अवशेष होते. एकोणिसाव्या शतकात वरिष्ठांना खूश करण्यासाठी केलेल्या रंगरंगोटीत ते गेले. म्हणून लेण्यात वंदनेस जाताना भिंतीस हात, चुना वा उदबत्तीचा धूर लागू न देणे, हेही वंदनेचेच अंग मानावे.