हॉपर भरलेला, शेगडी उपाशी

सांगलीच्या एका वाचकांनी विचारलं आहे: मुलगा अमेरिकेत व्हरमाँटला असतो. घर तापवायला लाकडाच्या भुशापासून केलेल्या पेलेटची शेगडी आहे. ऐन थंडीत ती विझते. वीज आहे, पंखा फिरतोय, हॉपर म्हणजे पेलेट भरायचा डबा अर्धा भरलेला, पण विस्तवात एकही पेलेट पडत नाही. वजनाने तरी खाली सरकतील म्हणून मुलाने आणखी एक पोतं ओतलं. फरक शून्य. असं का?

पोतं ओतण्यामागचा हिशेब पाण्याच्या टाकीचा आहे. पाणी जितकं उंच, तितका तळाशी दाब जास्त. दाणे मात्र हा नियम पाळत नाहीत. हे नीट मोजून दाखवणाऱ्यांत आयझॅक रॉबर्ट्स यांचं नाव घ्यायला हवं, आणि ते सहसा कुणी घेत नाही. रॉबर्ट्स यांचा व्यवसाय लिव्हरपूलमध्ये बांधकामाचा. उंच कोठीत गहू भरून त्यांनी तळावरचा भार मोजला. कोठीच्या रुंदीच्या साधारण दुप्पट उंचीपर्यंत गहू भरला, की पुढे कितीही ओता, तळावरचा भार जवळपास वाढतच नव्हता. दाणे एकमेकांवर रेलतात, भिंतीला घासतात आणि वरचं ओझं भिंतींवर जातं. यावरचा त्यांचा निबंध 1884 साली रॉयल सोसायटीने छापला. पुढे 1895 मध्ये ब्रेमेनचे अभियंता यान्सेन यांनी त्याचं सुटसुटीत सूत्र मांडलं, आणि आज पाठ्यपुस्तकांत परिणाम ‘यान्सेन’च्या नावाने आहे. सूत्र त्यांचं, तेव्हा नावाबद्दल तक्रार नाही; पण रॉबर्ट्सना तळटीपेतही जागा मिळू नये? हेच रॉबर्ट्स हौशी खगोलनिरीक्षक होते. देवयानी दीर्घिकेचं सर्पिल रूप दाखवणारा 1888 चा प्रसिद्ध फोटो त्यांचाच. गव्हाची कोठी आणि देवयानी, एकाच माणसाच्या खात्यावर!

तर, जास्तीचं पोतं बाजूच्या पत्र्यावर बसलं. खाली तोंडापाशी काय झालं असेल? पेलेट म्हणजे 6 मिलिमीटर जाडीच्या कांड्या. प्रमाणानुसार लांबी 40 मिलिमीटरपर्यंत चालते. अशा लांब कांड्या तोंडावर आडव्यातिडव्या अडकून कमान धरतात. मग वर कितीही माल असो, खाली पोकळी. पिठाच्या गिरणीत दळण अडलं की गिरणीवाला वरच्या डब्यावर दांडक्याने दोन ठोके देतो, ते ही कमान मोडायलाच. अँड्र्यू जेनिके यांनी यूटा विद्यापीठात या कमानींचं शास्त्र उभं केलं. 1964 च्या त्यांच्या अहवालावर आजही कारखान्यांतले हॉपर आखले जातात. भिंती पुरेशा उभ्या आणि गुळगुळीत हव्यात, तोंड पुरेसं रुंद हवं. पण दिवाणखान्यात ठेवायच्या शेगडीला एवढी उंची कुठून आणणार? उतार कमी पडतो, मधला माल तेवढा खाली जातो आणि कडेचा तसाच बसून राहतो. झाकण उघडणाऱ्याला तो दिसतो आणि वाटतं, भरपूर आहे.

तेव्हा शेगडी थंड होऊ द्यावी, प्लग काढावा आणि लाकडी काठीने माल ढवळावा. हात घालू नये. खाली ऑगर आहे, म्हणजे नळीतून पेलेट वर चढवणारा मळसूत्री दांडा. तळाशी साचलेला भुसाही व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावा. एक पेलेट पाण्याच्या पेल्यात टाकून बघा. काही मिनिटांत तो फुगतो, उकलतो आणि भुशाचा ढीग होतो. त्याला धरून ठेवतं ते मुख्यतः लाकडातलंच लिग्निन. पोतं दमट तळघरात राहिलं असेल, तर हाच प्रकार ऑगरच्या नळीत होतो आणि तिथे भुशाचं टणक बूच बसतं.

कमान नसेल तर मात्र संशयाची दिशा बदलावी. माझ्या मते ऑगरच्या सगळ्यात जास्त मोटारी इथेच विनाकारण बदलल्या जातात. धूर बाहेर ओढणारा पंखा शेगडीच्या पोटात किंचित कमी दाब तयार करतो. बहुतेक शेगड्यांत तो दाब व्हॅक्यूम स्विचला जाणवला, तरच ऑगरच्या मोटारीला वीज मिळते. धुरांड्यात राख साचली, दाराचं गॅस्केट झिजलं, स्विचकडे जाणारी बारीक रबरी नळी काजळीने तुंबली किंवा निसटली, की मोटार थांबते. ती बिघडलेली नसते. धूर बाहेर जात नसताना आणखी इंधन टाकायचं नाही, एवढाच तिला हुकूम आहे. काही शेगड्यांत हॉपरचं झाकण नीट बसलं नाही तरी हेच होतं. स्विचला बगल देऊन तारा थेट जोडण्याचा सल्ला कुणी देईल. तो ऐकला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो.

आणखी एक गंमत: ऑगर सतत फिरत नाही. काही सेकंद फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो. आच कमी-जास्त करायची ती याच विरामांनी. दोन मिनिटंही न थांबता मोटार मेल्याचं जाहीर करू नये. उलट मोटार फिरतेय आणि दांडा जागच्या जागी, असं दिसलं तर दोघांना जोडणारा स्क्रू किंवा पिन गेली असणार. ती बदलायला फार खर्च नाही.

हल्ली शेगडी मोबाइलवरून चालवता येते म्हणून जास्त पैसे मोजतात. ॲप शेगडी विझल्याचं कळवतं, पण वर कमान धरली आहे की नळीत काजळी आहे, ते त्याला कुठून कळणार? मुलाने आधी काठी आणि ब्रश घ्यावा. नव्या मोटारीची ऑर्डर त्यानंतर.